व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर घुमतोय? आधी कान लावा, पेचकस नंतर

इथे गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, ॲम्प्लिफायर यायला लागतात. वर्षभर कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवळाच्या खोलीत पडून असतात. चवथीच्या पंधरा दिवस आधी कुणीतरी काढतो, पुसतो, माईक जोडतो, आणि घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) वाजायच्या आधी ॲम्प्लिफायरच घुमायला लागतो. पाऊस सरला की गिऱ्हाईक बदलतं. बँडवाली पोरं गिटारचे ॲम्प घेऊन येतात, कुणाच्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या, काकाने अमेरिकेहून आणलेला असतो, कुणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुना सेट पाहून मोहात पडलेला असतो. तक्रार मात्र एकच: "हमिंग येतं."

आणि येणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच व्हॉल्व्ह बदलून आलेले असतात. ईएल ३४ या आउटपुटच्या मोठ्या व्हॉल्व्हची नवी जोडी म्हणजे काही हजारांचा खड्डा. तो खड्डा करूनही घूं तसाच. माझ्या टेबलावरचा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा दोष पेटीच्या बाहेर असतो: केबलमध्ये, भिंतीच्या प्लगमध्ये, पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये. आत असला तर बहुतेकदा फिल्टर कंडेन्सरमध्ये. म्हणून खालचा क्रम फुकटापासून महागापर्यंत लावला आहे. तो मोडू नका.

आवाज नेमका कोणता?

लोक ज्याला सरसकट हमिंग म्हणतात त्यात वेगवेगळे आवाज दडलेले असतात, आणि आवाज ओळखला की अर्धी तपासणी वाचते.

पहिला, खोल आणि गोल घूं. कानापेक्षा छातीला जास्त जाणवणारा. हा ५० हर्ट्झचा, म्हणजे थेट आपल्या विजेच्या वारंवारतेचा. असा आवाज आला की संशय जातो तो केबलची तुटलेली शिल्ड (आतल्या तारेभोवतीची जाळी), अर्थिंगचा घोळ किंवा व्हॉल्व्हच्या फिलामेंटच्या (आत तापणाऱ्या तारेच्या) वायरिंगवर.

दुसरा त्याच्या वरच्या सप्तकातला, जरा करकरीत. हा १०० हर्ट्झचा. रेक्टिफायर विजेच्या दोन्ही अर्धलाटा एकाच दिशेला वळवतो, त्यामुळे सेकंदाला ५०च्या जागी १०० उसळ्या येतात. त्या उसळ्या गुळगुळीत करायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. ते झालं नाही की हा आवाज.

तिसरा झर्रऽऽ असा, बाटलीत माशी अडकल्यासारखा. त्याचं मूळ बहुधा ॲम्प्लिफायरच्या बाहेर.

चौथा चटचट, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. पावसाळ्यात हाच जास्त. ओल, गंजलेला सॉकेट, कोरडं सोल्डर.

आणि पाचवा स्पीकरमधून येतच नाही. स्पीकरला कान लावला तर शांत, पण ॲम्प्लिफायरच्या पेटीला हात लावला तर थरथर. तो ट्रान्सफॉर्मर.

पहिल्या दोघांतला फरक ओळखायची माझी पद्धत सांगतो. गिटारची सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून वाजवा. तो स्वर ९८ हर्ट्झचा, म्हणजे १०० हर्ट्झचं हमिंग त्याच्या केसभर वर ऐकू येतं. तोच फ्रेट बेस गिटारच्या जाड तारेवर दाबलात तर ४९ हर्ट्झ मिळतो, ५०शी पडताळायला. गिटार नसेल तर बाजाची पेटी, हार्मोनियम, घ्या. पांढरी पाच दाबा, हमिंग त्याच्या जरासं चढं लागेल. एकदा एका भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांनी ॲम्प्लिफायर चालू होताच मान हलवून सांगितलं होतं, "हा पांढरी पाच देतो, पण जरा चढी." त्यांना हर्ट्झ ठाऊक नव्हते, कान बरोबर होता. फक्त ५० आणि १०० या दोघांचा स्वर एकच असतो, फरक सप्तकाचा. छोट्या स्पीकरला ५० हर्ट्झ नीट वाजवताच येत नाही, तिथे फसायला होतं. शक्य असेल तर मोठा स्पीकर जोडून ऐका. जोडायचा तो ॲम्प्लिफायर बंद करून. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय कधीही चालवायचा नाही, नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून फुटतो.

पहिली तपासणी: व्हॉल्यूम फिरवा, केबल काढा

एक पैसाही लागत नाही. व्हॉल्यूम पूर्ण खाली आणा. हमिंग गेलं तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या अलीकडे: केबल, माईक, गिटार किंवा पहिला व्हॉल्व्ह. व्हॉल्यूम कसाही फिरवला तरी हमिंग ढिम्म हलत नसेल तर दोष पलीकडे: पॉवर सप्लाय, आउटपुट व्हॉल्व्ह. निदानाच्या दृष्टीने याहून मोलाची तपासणी नाही, आणि करायला जेमतेम दोन सेकंद लागतात.

व्हॉल्यूमबरोबर हमिंग बदलत असेल तर इनपुटची केबल उपटून काढा. आवाज थांबला? मग ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. केबल बदलून बघा. आपल्याकडे, विशेषतः किनाऱ्यालगत कळंगुट-कांदोळीच्या बाजूला, पिनांवर हिरवट थर चढतो. शिल्ड वायरची जाळी प्लगच्या आत गंजून तुटते, वरून काहीच दिसत नाही. प्लगचं झाकण फिरवून उघडलं की जाळीच्या जागी हिरवी पूड सापडते. शिल्ड तुटली की आतली तार उघड्या अँटेनासारखी खोलीतली सगळी वीज ऐकवते.

गिटारवाल्यांसाठी एक गोष्ट. गिटारचा पिकअप (तारांची थरथर पकडणारं चुंबक) सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, असेल तर थोडं हमिंग येणारच. गिटार धरून जागेवर गोल फिरा. एका दिशेला तोंड केल्यावर आवाज कमी होत असेल तर पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. ॲम्पपासून दोन पावलं लांब उभं राहणं हाच त्यावरचा उपाय. यासाठी माझ्याकडे येऊन पैसे घालवू नका.

दुसरी: खोलीतले चोर

झर्र आवाज असेल तर खोलीतली एकेक वस्तू बंद करत जा. पहिला मान पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरला. तो विजेची लाट मध्येच कापून पंख्याचा वेग कमी करतो, आणि कापलेल्या लाटेचे धारदार कोपरे वायरिंगभर पसरतात. पंखा पूर्ण वेगावर ठेवला की झर्र कमी होते, मधल्या वेगावर वाढते. हीच त्याची खूण. टप्प्याटप्प्याने टकटक फिरणारा कंडेन्सरचा रेग्युलेटर असेल तर हा त्रास सहसा होत नाही.

दुसरा मान चवथीच्या लुकलुकणाऱ्या माळांना. माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताच्या) भोवती ज्या एलईडीच्या माळा सोडतात, त्यांच्या त्या चौकोनी डबीत नेमकं हेच लाट कापण्याचं काम चालतं. ॲम्प्लिफायर आणि माळ एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आरतीत माळेचा तालही ऐकू येतो. माळांना दुसरा प्लग द्या. शिवाय माईकची वायर आणि विजेची वायर एकाच खिळ्यावरून नेऊ नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

तिसरा इन्व्हर्टर. वीज गेली की भरभरून गुरगुरणारा ॲम्प्लिफायर वीज आली की गप्प होत असेल तर तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. टीव्ही चालतो, पंखा चालतो, पण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला तो मानवत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरही जास्त तापतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या, नाही तर वीज येईपर्यंत नुसतं घुमट वाजवा. आवाज तसाही छान लागतो.

तिसरी: अर्थिंग

यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे हमिंगबरोबर जिवाचाही प्रश्न असतो.

माशेलचे एक मास्तर. त्यांच्या घरी चवथीला मोठं भजन असतं. ॲम्प्लिफायर जुना, पुशपुल, दोन ईएल ३४ असलेला. पहिल्या वर्षी आला तेव्हा फिल्टर कंडेन्सर खरंच सुकले होते. ते बदलले, आवाज स्वच्छ झाला, मास्तर खूश. दुसऱ्या वर्षी चवथीच्या चार दिवस आधी मास्तर पुन्हा दारात. "परत तेंच रे!" मी टेबलावर लावला तर शांत. तरी पहिला छोटा व्हॉल्व्ह, ईसीसी ८३, बदलून दिला. आता कबूल करतो, तो व्हॉल्व्ह मी नुसता त्यांच्या समाधानासाठी बदलला. तिसऱ्या वर्षी फोन आला तेव्हा म्हटलं, मास्तर, आणू नका, मीच येतो.

गेलो. चालू केला. घूं, त्यात थोडी झर्र, आणि माईक हातात घेतला की आवाज बदलतो. मी सहज विचारलं, माईक धरल्यावर मुंग्या येतात का? मास्तर म्हणाले, "येतात की. दोन वर्षं येतात. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर म्हणजे तेवढं असणारच ना?"

मी तिथल्या तिथे प्लग उपटला. भिंतीच्या सॉकेटमध्ये मीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, ठीक. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट हवेत, तिथे ८०च्या वर. घरामागे अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेलो तर पाइपवरची पट्टी गंजून गळून पडलेली, अर्थची तार मोकळी लोंबतेय. म्हणजे घरातल्या सगळ्या तीन पिनांच्या वस्तूंचे अर्थ एकमेकांना जोडलेले, पण जमिनीला कुणीच जोडलेलं नाही. फ्रिज, पंप, चार्जर या सगळ्यांतून जी थोडी थोडी वीज अर्थच्या तारेत उतरते तिला जायला वाट नाही, म्हणून ती ॲम्प्लिफायरच्या चासीवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर, येऊन बसली होती. टेबलावर दोष दिसणार कसा? माझ्या टेबलाचं अर्थिंग चांगलं होतं. अर्थिंगचं काम मी केलं नाही, लायसन्सवाला वायरमन बोलावून करून घेतलं. त्या दिवसापासून ॲम्प्लिफायर गप्प. दोन वर्षं चुकीच्या पेटीत मी दोष शोधत होतो.

आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ठीक असते, पण एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग कमजोर पडतं. ज्यांचं हमिंग उन्हाळ्यात वाढतं आणि पहिल्या पावसानंतर कमी होतं त्यांनी आधी खड्ड्यात पाणी ओतून बघावं. जुन्या घरांत तर कित्येकदा दोन पिनांचंच वायरिंग असतं, अर्थ नावाची तार कधी ओढलेलीच नाही.

सॉकेट मीटरने तपासायची सवय नसेल तर वायरमनला सांगा. आणि कुणी "अर्थची पिन काढून टाक, हमिंग जातं" असा सल्ला देईल, देतातच. हमिंग जातं हे खरं आहे. पण मग आत एखादी तार सुटून चासीला लागली की फ्यूज उडायच्या ऐवजी माईक धरणारा माणूस उडतो. त्या चासीत ४०० व्होल्ट असतात. हे करायचं नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही.

चौथी: दोन यंत्रांमधला लूप

ॲम्प्लिफायर एकटा शांत, पण मिक्सर किंवा लॅपटॉप जोडला की घूं? दोघांचीही तीन पिनांची वायर वेगवेगळ्या सॉकेटला आहे. अर्थला दोन वाटा झाल्या: एक भिंतीतून, एक तुमच्या शिल्ड वायरमधून. त्या वेटोळ्यात जी वीज फिरते ती ५० हर्ट्झने ऐकू येते. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर आणा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. जत्रेत मिक्सर मंडपात आणि ॲम्प्लिफायर देवळात असा प्रकार असेल तर मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. सिग्नल जातो, अर्थ जोडला जात नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघणं हीही याचीच एक फुकट चाचणी.

पाचवी: व्हॉल्व्ह, पण विकत न घेता

आता ॲम्प्लिफायरला हात लावायचा, पण चासी अजून उघडायची नाही. लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक छोटा व्हॉल्व्ह हलकेच टिचकवा. एखादा घंटेसारखा वाजला किंवा हमिंग कमी-जास्त झालं तर तो किंवा त्याचा सॉकेट संशयित. मोठ्या व्हॉल्व्हना बोट लावू नका, जळून निघाल.

मग बंद करा, निवू द्या, आणि सगळ्यात पुढचा, इनपुटजवळचा ईसीसी ८३ काढून पुन्हा चालू करा. हमिंग गेलं तर दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या आधी. नाही गेलं तर बंद करून त्याच्या मागचा काढा. असं मागे सरकत जायचं. फेज इन्व्हर्टरचा (आउटपुटच्या मोठ्या जोडीच्या लगेच आधीचा) व्हॉल्व्ह काढूनही घूं तसाच असेल तर राहिला तो आउटपुट आणि पॉवर सप्लाय. जुन्या रेडिओंमध्ये व्हॉल्व्हची फिलामेंट एकामागे एक माळेसारखी जोडलेली असू शकतात, तिथे एक काढला की सगळे विझतात. ही चाचणी तिथे लागू नाही. त्या रेडिओंबद्दल खाली.

ईसीसी ८३मध्ये फिलामेंट आणि कॅथोड (फिलामेंटने तापणारी नळी) यांच्यात गळती सुरू झाली की नेमका ५० हर्ट्झचा गोल घूं येतो. पहिल्या जागेवर ती गळती सगळ्यात जास्त मोठी होऊन ऐकू येते, कारण तिच्यापुढे सगळं ॲम्प्लिफिकेशन बाकी असतं. म्हणून नवा घेण्याआधी पहिल्या आणि दुसऱ्या जागेवरचे दोन ईसीसी ८३ अदलाबदल करा. हमिंग हललं तर दोषी सापडला, आणि कित्येकदा तो मागच्या जागेवर निमूट काम करतो.

आउटपुटला जोडी असेल तर आणखी एक. पुशपुलमध्ये दोन व्हॉल्व्ह सप्लायची लाट उलटसुलट करून एकमेकांची खोडून काढतात. एक म्हातारा आणि एक तरुण असला की खोडणं अर्धवट राहतं आणि १०० हर्ट्झ ऐकू येतं. कुणीतरी जोडीतला एकच बदलला असेल तर असं हमखास होतं. काचेवर आतून दिसणारा चांदीसारखा डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. काचेच्या आतल्या बाजूला दिसणाऱ्या निळसर झळाळीला मात्र घाबरू नका, पॉवर व्हॉल्व्हमध्ये ती असते. जांभळट-गुलाबी धुकं प्लेटच्या (व्हॉल्व्हमधल्या धातूच्या पत्र्याच्या) आत दिसलं तर बंद करा.

पावसाळ्यातल्या चटचटीसाठी व्हॉल्व्ह बाहेर काढून पिना आणि सॉकेट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. सॉकेटला काळी रेघ जळलेली दिसली तर पुसून उपयोग नाही, बदलावाच लागतो. बुरशी येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवतात ना, तसंच ॲम्प्लिफायर ठेवलेल्या कपाटात ठेवा. वर्षातून एकदा चवथीला काढण्यापेक्षा महिन्यातून एकदा तासभर चालवलात तर सगळ्यात बरं.

अमेरिकेहून आलेल्यांसाठी

११७ किंवा १२० व्होल्टचा ॲम्प स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लावून चालवता आणि ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर घूं करतो, तापतो. व्होल्टेज बरोबर आहे, मग काय बिघडलं? तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. तोच ट्रान्सफॉर्मर ५०वर चालवला की लोखंडाला जास्त चुंबकीय ताण पडतो. हिशोब केला तर १२० गुणिले ५० भागिले ६०, म्हणजे साधारण १०० व्होल्टपर्यंतच तो तिथल्याइतका निवांत राहतो. पण १०० दिले की फिलामेंटला वीज कमी पडते. काही ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरवर ५०/६० असं लिहिलेलं असतं, ते सुटले. नुसतं ६० असेल तर शेवटी २३० व्होल्टचा ५० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर घालणंच शहाणपणाचं. युरोपातून आलेले सेट पाहा, मागे व्होल्टेजचा टॅप असतो. तो २२०वर असेल आणि तुमच्या वाड्यावर रात्री २४५ येत असतील तर २४०वर सरकवा. प्लग काढून.

इथे थांबा

इथपर्यंत सगळं कुणीही करावं. यापुढे चासी उघडते. आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये बसून राहतात. हे काम आधी कुणाच्या हाताखाली केलेलं नसेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिक गाठा. याशिवाय पुढचं काही दिसलं तर अनुभवी माणसानेही प्लग काढून ठेवावा: माईक किंवा तारांना हात लावल्यावर मुंग्या, दुसऱ्यांदा उडालेला फ्यूज, लालभडक होणारी प्लेट, ट्रान्सफॉर्मरमधून डांबराचा वास, वर फुगलेला कंडेन्सर. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा किंवा चांदीचा कागद घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि जुना रेडिओ असेल तर व्हॉल्व्हची नावं वाचा. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी "यू"ने सुरू होणारी असली तर त्या सेटला बहुधा मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नाही आणि चासी थेट विजेला जोडलेली असते. पोर्तुगीज काळातले असे सेट अजून घरोघर निघतात. शोभेला ठेवा, दुरुस्तीला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्याकडेच द्या.

ज्यांचे हात बसलेले आहेत त्यांच्यासाठी

चालू करायचा तो सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडून. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब. एकदा उजळून मंद झाला तर ठीक, उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. वर्षभर पडून असलेल्याचे कंडेन्सर आतून थोडे "विसरलेले" असतात, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गरम होऊन फुटतात. त्यांना हळूहळू चढवायचं.

उघडल्यावर पहिलं काम, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स क्लिपने लावून कंडेन्सर रिकामा करणं, मग मीटरने बघणं, मग दोन मिनिटांनी पुन्हा बघणं, कारण थोडा व्होल्टेज परत चढतो. पेचकसाने शॉर्ट करू नका. माझ्याकडे अजून तो पेचकस आहे, टोकाला मुगाएवढा खड्डा पडलेला.

फिल्टर कंडेन्सर तपासायची सोपी पद्धत म्हणजे सगळं बंद आणि रिकामं असताना संशयित कंडेन्सरला समांतर चांगला ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा जोडून, हात बाहेर काढून, चालू करणं. घूं एकदम खाली गेला तर निदान झालं. तसाच जोडून मात्र ठेवू नका, जुना काढून नवा घाला. व्हॉल्व्हचा रेक्टिफायर असेल तर पहिल्या कंडेन्सरला मर्यादा असते. जीझेड ३४ला ६० मायक्रोफॅरड, ५वाय३ला त्याहून बरीच कमी. "मोठा घातला की हमिंग आणखी कमी" या हौसेत रेक्टिफायर जळतो.

मीटरने लाट मोजताना एक गोष्ट नव्या पोरांना फसवते. पहिल्या कंडेन्सरवर एसी ४ ते ६ व्होल्ट दिसले की ती घाबरतात. ४७ मायक्रोफॅरड आणि १०० मिलिअँपिअरला तेवढी लाट असायचीच. ती चोकनंतर किंवा पुढच्या रेझिस्टन्सनंतर झपाट्याने उतरायला हवी, आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या सप्लायवर मिलिव्होल्टमध्ये आलेली हवी. जिथे उतरत नाही तिथला कंडेन्सर गेला. पहिल्यावरच २०-३० दिसले तर तो पूर्ण सुकलाय. बायसचा (मोठ्या व्हॉल्व्हला लगाम घालणाऱ्या उलट व्होल्टेजचा) छोटा कंडेन्सर विसरू नका. तिथे बऱ्याचदा एकच डायोड असतो म्हणून घूं ५०चा येतो, लोक फिलामेंटमध्ये शोधत बसतात, आणि तोवर बायस घसरून प्लेटा लाल होतात.

फिलामेंटच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पीळ घालून चासीच्या कोपऱ्यातून गेलेल्या हव्यात. त्यांचा मध्य जमिनीला बांधलेला हवा, ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपने किंवा १००-१०० ओहमच्या दोन रेझिस्टन्सनी. गिऱ्हाईक म्हणालं, "ईएल ३४ फुटला, नवा घातला, तेव्हापासून घूं," तर मी सरळ या दोघांकडे जातो. ईएल ३४ला प्लेटची पिन फिलामेंटच्या पिनेला लागून असते, तिथे ठिणगी पडली की हे रेझिस्टन्स फ्यूजसारखे जळतात. एक काळा ठिपका, दहा रुपयांचं काम.

आणि इनपुटचा जॅक कुणी बदलला असेल तर प्लॅस्टिकचे वॉशर जागेवर आहेत का बघा. ते विसरले की जॅक चासीला लागतो, अर्थला नवी वाट फुटते, आणि घूं ॲम्प्लिफायरच्या आतच जन्मतो.

माझ्याकडे आणणार असाल तर

एक चिठ्ठी सोबत द्या: व्हॉल्यूम खाली केल्यावर काय झालं, पंखा बंद केल्यावर काय झालं, मुंग्या येतात का. मास्तरांच्या प्रकरणानंतर तिसरा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कोणता कुठल्या सॉकेटमधला ते कागदाच्या पट्टीवर लिहून बुडाला चिकटवा. काच कपड्याने घासून लखलखीत करू नका. छापलेली अक्षरं बोटानेसुद्धा पुसतात, आणि मग तो ईसीसी ८१ की ८३ हे मला सर्किटवरूनच ओळखत बसावं लागतं.